‘शेकडो वर्षांची परंपरा’ : एका पाटीचा खोटेपणा

१/ पुण्या-मुंबईच्या हस्तकला प्रदर्शनांत कच्छी भरतकामाच्या मांडणीवर ‘शेकडो वर्षांची अस्सल परंपरा’ अशी पाटी हमखास दिसते. ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ती इतिहास पुसते, आणि त्याची किंमत भरतकाम करणाऱ्या स्त्रिया मोजतात. म्हणून हा थ्रेड.

२/ मुळात ‘कच्छी भरतकाम’ ही एकच कला नव्हे. आहिर, रबारी, जत, मुतवा, सोढा, मेघवाळ अशा प्रत्येक समाजाचे टाके आणि आकृत्या निराळ्या. मोची समाजातील पुरुष कारागीर तर आरीने साखळी टाका घालून भुजच्या दरबारासाठी व्यावसायिक काम करीत. ‘बायकांची घरगुती लोककला’ हे वर्णन येथेच तोकडे पडते.

३/ आता ‘सूफ’ हा प्रकार पाहा. यात कापडावर रेखाटन नसते. ताण्याबाण्याचे धागे मोजत उलट्या बाजूने टाके घालायचे. सुलट बाजूस त्रिकोणांची नक्षी उमटते. एक धागा चुकला तर आकृती बिघडते. प्रदर्शनात हीच ‘कच्छची प्राचीन कला’ म्हणून विकली जाते.

४/ परंतु सूफ भरणाऱ्या अनेक सोढा आणि मेघवाळ कुटुंबांचे मूळ सिंधमधील थरपारकरात आहे. १९७१ च्या युद्धात त्या जिल्ह्याचा मोठा भाग भारतीय सैन्याने जिंकला. १९७२ च्या सिमला करारानुसार तो परत करायचे ठरले. त्या काळात ही कुटुंबे सीमा ओलांडून कच्छमध्ये आली. ‘प्राचीन’ या एका शब्दाने त्यांचे निर्वासितपण झाकले जाते.

५/ विक्रीसाठी भरतकाम करण्यालाही तारीख आहे. पूर्वी हे काम मुख्यतः घरासाठी आणि मुलीच्या लग्नासाठी होई, आपल्याकडच्या रुखवतासारखे. १९६९ च्या दुष्काळात धाणेटी गावात मदतीसाठी गेलेल्या चंदाबेन श्रॉफ यांनी तेथील आहिर स्त्रियांकडून साड्यांवर भरतकाम करवून घेतले आणि त्या साड्या मुंबईत विकल्या. यातूनच ‘श्रुजन’ संस्था उभी राहिली. बाजारात आलेले हे काम दुष्काळातील रोजगार होता.

६/ सर्वांत बोलके उदाहरण ढेबरिया रबारींचे. मुलीने भरलेले कपडे पूर्ण होईपर्यंत तिचे सासरी जाणे लांबे. अखेर १९९५ मध्ये समाजाच्या पंचायतीने स्वतःच्या वापरासाठी हाताने भरतकाम करण्यावर बंदी घातली. स्त्रियांनी मग तयार फिती आणि शिवणयंत्र हाताशी धरून नवी नक्षी घडवली. शहरी ग्राहक तिला ‘बनावट’ म्हणून नाक मुरडतो. रबारी स्त्रीने काय जपावे, हे ठरवणारा तो कोण?

७/ आक्षेप येईल : ‘परंपरा’ म्हटल्यानेच माल खपतो, मग बिघडले काय? बिघडते ते हे की परंपरा म्हणजे ‘रक्तातच असलेले’ कौशल्य, असा समज पक्का होतो. जे रक्तात आहे त्याला शिकावे लागत नाही, आणि ज्याला शिकावे लागत नाही त्याची मजुरी कोण धरणार? चित्रकाराची सही मागणारा रसिक भरतकामाच्या भावात घासाघीस करतो, तो याच समजापोटी.

८/ हाताने केलेले काम जपले पाहिजे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो कालविरहित ‘लोक’ कल्पून, जित्याजागत्या स्त्रियांना त्यात विरघळवून टाकण्याशी. युद्ध, दुष्काळ, पंचायतीचा निर्णय, बाजार, या सर्वांना तोंड देत त्यांनी आपले काम बदलले. इतिहास घडवणे याहून वेगळे काय असते?

९/ तेव्हा पुढच्या प्रदर्शनात ‘किती जुने आहे?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. विचारावे : टाका कोणता? कोणत्या समाजाचा, कोणत्या गावचा? कोणी भरले, किती दिवस लागले, त्यातले तिच्या हाती किती पडले? विक्रेत्याला उत्तरे देता येत नसतील, तर ती पाटी उतरवण्याची मागणी करावी. तो ग्राहकाचा हक्क आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याचे तर ते कर्तव्यच.