मालगाडीवरील अवाढव्य ओझें

बल्लारपुरांतील मुलास मालगाडीचें अप्रूप नसतें. कोळसा, सिमेंट, लांकूड, कागद ह्यांच्या वाघिणी मोजतच तें लहानाचें मोठें होतें. तरीहि कधीं कधीं अशी एखादी गाडी येते कीं, फाटकाशीं उभी असलेली सारी मंडळी बोलतां बोलतां थांबते. मागेंपुढें रिकाम्या वाघिणी, मधोमध पोट खालीं आलेली एक लांबलचक वाघीण, आणि तिच्यावर ताडपत्रीनें झांकलेली एखाद्या घराएवढी वस्तु. गाडी मुंगीच्या पावलानें सरकत असते.

अशाच एका गाडीसाठीं मध्यंतरीं आम्ही फाटकाशीं थांबलों होतों. शाळा सुटण्याची वेळ होती. मुलांचे तर्क चालले होते. कोणी म्हणे तोफ, कोणी म्हणे विमानाचें धड. आमच्या मतें तें एखाद्या वीजकेंद्राचें रोहित्र असावें. शेजारीं एक गृहस्थ आपल्या मुलास पुढें घेऊन दुचाकीवर बसले होते. घड्याळाकडे पाहत ते त्रासून म्हणाले, "इंजिनांत जोर नाहीं, तर एवढें ओझें घेतां कशाला?" मुलानें तेंच वाक्य मोठ्यानें म्हणून दाखविलें व सगळे हंसले. तेवढ्यांत दोघे-तिघे जण फाटकाखालून वांकून पलीकडे गेलेहि. हा लेख आम्ही त्या मुलासाठीं आणि त्याच्या वडिलांसाठीं लिहीत आहों.

इंजिनास जोराची वानवा नसते. जें इंजीन हजारों टन कोळसा एका दमांत ओढून नेतें, त्यास एका रोहित्राचें ओझें तें काय? अडचण जोराची नसून जागेची असते. आपणांस रुळांवर मोकळें आकाश दिसतें. पण आगगाडी वस्तुतः एका अदृश्य बोगद्यांतून धांवत असते. एका बाजूस फलाटाची कड, दुसऱ्या बाजूस सिग्नलचा खांब, पुलावर लोखंडी तुळयांची चौकट, वर २५,००० व्होल्टची तार. ह्या सर्वांस चुकवून जी जागा उरते तिचा आंखीव नकाशा रेल्वेपाशीं असतो, आणि नेहमींच्या वाघिणी त्या नकाशाच्या आंतच बांधलेल्या असतात. एखादी वस्तु त्या रेषेबाहेर डोकावली कीं तिला खास परवानगी लागते. मग वाटेंतील प्रत्येक अडथळा आणि ओझ्याची कड ह्यांमध्यें किती फट राहते तें पाहून तिचा वर्ग ठरतो. फट सहा इंचांहून कमी असेल, तर गाडी केवळ दिवसाउजेडीं, अगदीं मंदगतीनें आणि जाणत्या माणसांच्या सोबतीनें सोडतात. सहा इंच म्हणजे तुमच्या कंपासपेटींतील पट्टीची लांबी. त्या दिवशीं फाटकाशीं आम्हांस आळशी वाटलेली गाडी तेवढ्या फटींतून वाट काढीत असेल!

बल्लारपुरास ह्या परवानगीचें प्रकरण विशेष जवळचें आहे. आमचें स्थानक दोन रेल्वेंच्या शिवेवर वसलें आहे. १९२९ सालीं काझीपेठेकडील मार्ग येथवर येऊन मिळाला आणि दिल्ली-मद्रास हा सरळ रस्ता जोडला गेला. तेव्हां वर्धा नदीपलीकडे निजामाचें राज्य होतें. आज नदीअलीकडे मध्य रेल्वे व पलीकडे दक्षिण मध्य रेल्वे आहे. उत्तरेकडून दक्षिणेस जाणाऱ्या अवाढव्य ओझ्यास दोघींचीहि संमति लागते, कारण एकीच्या पुलाखालून जें सुखरूप गेलें तें दुसरीच्या पुलाखालून जाईलच असें नाहीं.

दुसरी एक गोष्ट आमच्या वडील वाचकांस आठवत असेल. गोंदियाहून नागभीडवरून चांदा फोर्टास येणारी गाडी पूर्वीं अरुंद रुळांवरून येत असे. त्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, आणि बल्लारपूरच्या मोठ्या मार्गाचें १,६७६ मिलिमीटर. जें यंत्र आमच्या येथें निमूटपणें वाघिणींत बसे, तेंच त्या मार्गावर राक्षसी ठरे. १९९० नंतरच्या दशकांत तो मार्ग रुंद झाला आणि कालचे राक्षस एका रात्रींत साधे प्रवासी बनले. तेव्हां अवाढव्यपणा हा वस्तूचा गुण नव्हे. तें वस्तूचें आणि वाटेचें नातें आहे.

आतां वर्गांत नेहमीं ऐकूं येणाऱ्या एका तक्रारीकडे वळूं. वर्तुळ, जीवा आणि कंस शिकून उपयोग काय, असें विद्यार्थी विचारतात, आणि खरें सांगावयाचें तर पालकहि विचारतात. उत्तर फाटकाशींच आहे. लांब वाघीण वळणावर आली म्हणजे तिचीं दोन टोंकांकडील चाकें वळणावर चालतात, पण मधला भाग जीवेप्रमाणें सरळ राहतो व वळणाच्या आंतल्या बाजूस झुकतो. किती झुकतो तें काढणें सोपें आहे: चाकांच्या दोन संचांमधील अंतराचा वर्ग घ्यावा आणि त्यास त्रिज्येच्या आठपटीनें भागावें. रुंद मार्गावर १७५ मीटर त्रिज्येपर्यंतचें वळण चालतें. अंतर १० मीटर असेल तर झुकाव सुमारें ७ सेंटिमीटर; २० मीटर असेल तर सुमारें २९ सेंटिमीटर. लांबी दुप्पट झाली, झुकाव चौपट झाला, आणि ती सहा इंचांची फट केव्हांच संपली. पट्टी घेऊन स्वतः पडताळा पाहावा. हा हिशेब चुकला तर खांब वांकतो, तार तुटते, किंवा त्याहूनहि वाईट होतें.

कांहीं ओझीं मात्र स्वतःच वांकून ही अडचण सोडवितात. शेजारच्या छत्तीसगडांतील भिलाईच्या पोलादी कारखान्यांत रूळ जोडून त्यांचे २६० मीटर लांबीचे तुकडे करितात. एवढा रूळ कोणत्या वाघिणींत मावणार? तो अनेक वाघिणींवर पसरून नेतात, आणि वळण आलें कीं तो पोलादी रूळ वेताच्या छडीसारखा गाडीबरोबर वळतो. हातभर लांबीच्या रुळाचा तुकडा कोणा पहिलवानास वांकवितां येणार नाहीं. तीच वस्तु लांब केली कीं नम्र होते. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनीं हें अवश्य समजावून सांगावें.

लांकडाची गोष्ट निराळी. २०२३ सालीं आमच्या वनांतील सागवान अयोध्येच्या मंदिरासाठीं येथून गेलें, तेव्हां तें पाहावयास केवढी गर्दी लोटली होती! पण लांकूड मावलें नाहीं तर करवतीनें कापतां येतें. रोहित्र कापतां येत नाहीं. म्हणून त्याच्यासाठीं वाटच शोधावी लागते.

वाट शोधण्याचें जें उदाहरण आमच्या मनांत घर करून आहे, तें एप्रिल २०२१ मधील आहे. त्या महिन्यांत आपल्यापैकीं कित्येकांनीं घरचीं माणसें गमाविलीं. इस्पितळांत प्राणवायू नव्हता. विशाखापट्टणमच्या कारखान्यांत तो होता. तो आणण्यासाठीं रस्त्यावरच्या टाक्या सबंध मोटारींसह मालगाडीवर चढवून नेण्याचें ठरलें. अशा वेळीं कोणालाहि वाटेल कीं, नियम बाजूस ठेवा, हाताला येईल ती टाकी चढवा आणि गाडी सोडा. माणसें मरत असतां फुटपट्टी कसली घेऊन बसलां? रेल्वेनें नेमकी फुटपट्टीच आधीं काढली. निरनिराळ्या टाक्या तपासून ३,३२० मिलिमीटर उंचीची टाकी निवडली. १,२९० मिलिमीटर उंचीची सपाट वाघीण घेतली. दोन्ही मिळून ४,६१० मिलिमीटर, म्हणजे पंधरा फुटांहून किंचित् अधिक. प्रत्यक्ष टाकी वाघिणीवर चढवून मापें घेतलीं. कळंबोलीस गाड्या चढविण्यासाठीं उतार एका दिवसांत बांधला. मग १९ एप्रिलला सात रिकाम्या टाक्या निघाल्या, त्याहि जवळच्या वाटेनें नव्हेत. घाटांतील बोगदे ह्या उंचीस सोयीचे नाहींत, म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी वळसा घेऊन गेली. १,८५० किलोमीटरांहून अधिक अंतर तिनें सुमारें ५० तासांत तोडलें. परतीस शंभर टनांहून अधिक द्रवरूप प्राणवायू होता. तो उणें १८३ अंशांच्या आसपास उकळतो आणि टाकींत हिंदकळतो. म्हणून एकाएकीं वेग वाढविणें नको, एकाएकीं ब्रेक लावणें नको. तरी २१ तासांत गाडी नागपुरास पोंचली. तीन टाक्या तेथें उतरल्या व उरलेल्या चार २४ एप्रिलला सकाळीं नाशकास लागल्या.

घाई होती म्हणून माप सोडलें असतें, तर पहिल्याच नीच्या पुलाखालीं ती गाडी अडकून बसती आणि मागील गाड्यांचीहि वाट बंद होती. म्हणून आमचें स्पष्ट मत आहे कीं, "हें येथून जाणार नाहीं" असें म्हणणारा मनुष्य ओढणाऱ्या इंजिनाइतकाच उपयोगी आहे. आपल्या समाजांत त्यास अडवणूक करणारा म्हणतात. अडवणुकीसाठीं अडवणूक करणारे लोकहि आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या दोघांतील भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. खरा मापणारा नाहीं म्हटल्यावर दुसरी वाट दाखवितो, मग ती सुरतेवरून कां असेना.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, एवढा खटाटोप करण्यापेक्षां अशीं ओझीं रस्त्यानेंच न्यावीं. कांहीं वेळां दुसरा उपाय नसतो हें खरें. परंतु आमच्या जंगलांतील रस्त्यांवरून शेंकडों चाकांची गाडी जावयाची म्हणजे फांद्या तोडा, तारा उचला, पूल बळकट करा. जेथें रूळ आहेत तेथें, उशीर लागला तरी, रूळच बरे.

आमच्या दोन सूचना आहेत. शाळेनें वरच्या वर्गांतील मुलांस, स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन, वर्षांतून एकदां तरी मालधक्क्यावर न्यावें व सोबत मोजपट्टी द्यावी; भूमितीचा एक तास तेथें घ्यावा. दुसरी सूचना पालकांस. फाटक पडलें असतां मुलास घेऊन त्याखालून जाऊं नये. सहा इंचांचा हिशेब करणाऱ्यांनीं खांब आणि तारा मोजलेल्या असतात. तुम्हांस त्यांनीं मोजलेलें नसतें.

आणि त्या दुचाकीवरील मुलास एक प्रश्न. तुझ्या त्या गाडींत लादलेल्या वाघिणीच्या पुढें आणि मागें रिकाम्या वाघिणी होत्या. त्या कशासाठीं जोडल्या असतील? एकदां वळणाचा विचार करून पाहा, आणि एकदां पुलाचा.