यकृतरुग्णाची मलप्रवृत्ती आणि आपली औषधे

औषधाची विषबाधा यकृतावरून जोखण्याची सवय आता आपल्या व्यवसायात रुजू लागली आहे. कावीळ झाली का, रक्ततपासणीत दोष दिसला का, एवढे पाहून आपण थांबतो. आमच्या मते ही दृष्टी अपुरी आहे. यकृताच्या रुग्णाला धोका आतड्यातूनही येतो, आणि तेथे निरुपद्रवी वाटणारे औषधही घातक ठरू शकते.

पक्वाशयातील जंतू युरिया व प्रथिने यांपासून अमोनिया निर्माण करतात. लहान आतड्याच्या पेशीही त्यात भर घालतात. हा अमोनिया पोर्टल शिरेवाटे यकृतात जातो व तेथे त्याचा युरिया होतो. या चक्राचा उलगडा क्रेब्ज व हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये केला. यकृत जर्जर झाले, किंवा रक्त त्यास वळसा घालून वाहू लागले, की अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. दिवसा झोप, रात्री जागरण, विसराळूपणा, पुढे पसरलेल्या हातांची फडफड ही त्याची चिन्हे होत.

पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृतपेशी मरतात, हे सर्वज्ञात आहे. व्हॅल्प्रोएट अधिक फसवे. अपस्मारावरील हे औषध युरियाचक्रातच अडथळा आणते. यकृताच्या नेहमीच्या तपासण्या निर्दोष असतानाही रुग्ण सुस्तावतो. अशा सुस्तीस कफवृद्धी म्हणून पुडी बांधण्यापूर्वी वैद्याने रुग्णाच्या पिशवीतील सर्व गोळ्या पाहाव्यात.

आमची खरी चिंता मात्र निराळी आहे. यकृतरुग्णास लॅक्टुलोज दिले जाते ते दिवसातून दोन-तीन वेळा मऊ मलप्रवृत्ती व्हावी म्हणूनच. त्याने पक्वाशयात आम्लता वाढते, अमोनिया तेथेच अडकतो व मलाबरोबर बाहेर पडतो. हे न समजलेला रुग्ण दुकानात येऊन ‘जुलाब थांबवा’ म्हणतो, आणि कर्पूररसासारखा अहिफेनयुक्त कल्प त्याच्या हाती पडला तर? मल साचतो, अमोनियाचे शोषण वाढते, वर अफूची गुंगी. वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना अशा औषधांच्या वेष्टनावर कायद्यानेच असते. ती वाचण्याचे काम गिऱ्हाइकावर सोडणे आम्हास मान्य नाही.

उलट टोकही टाळावयास हवे. चरकाने उदररोगात नित्य विरेचन सांगितले आहे, पण त्याचा आधार घेऊन क्षीण रुग्णास तीव्र रेचक देऊ नये. शरीरातील पाणी व पोटॅशियम घटले की मूत्रपिंडेच अधिक अमोनिया निर्माण करतात.

म्हणून औषधविक्रेत्यांना आमचा आग्रह आहे की, स्तंभक औषध मागणाऱ्यास यकृतविकार आहे काय आणि लॅक्टुलोज चालू आहे काय, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून बाटली फळीवरून काढू नये. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास त्याच्या वैद्याकडे अथवा डॉक्टरांकडे परत पाठवावे. आणि तो गुंगीत असेल, तर नातेवाइकांना त्याच क्षणी रुग्णालयाची वाट दाखवावी.