स्वस्त, पण कशाच्या मानाने?

दसरा-दिवाळी जवळ आली की हल्ली घरोघरी एक नवाच पराक्रम गाजवला जातो. पूर्वी लोक सणाला काय घेतलं ते सांगत. आता किती वाचवलं ते सांगतात. "सात हजारांचा मिक्सर साडेतीन हजारांना मारला!" हे 'मारला' क्रियापद बघा. जणू काही रानात जाऊन डुक्कर मारून आणलं! ऐकणाऱ्याने यावर डोळे विस्फारायचे, 'मलाही लिंक पाठव' म्हणायचं, आणि एक प्रश्न मात्र चुकूनही विचारायचा नाही: तो मिक्सर सात हजारांना कधी, कोणी घेतला होता?

माझं म्हणणं साधं आहे. भाव उतरतो तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं, आणि सवलत मिळते तेव्हा ती कोणाच्या तरी खिशातून भरलेली असते. कारण सांगता येत नसेल आणि भरणाराही दिसत नसेल, तर भरणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

खरं तर हे गोव्याच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. आपण पुरुमेंताची माणसं. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण पावसाळ्याची बेगमी करण्याची अक्कल आपली स्वतःची. एप्रिल-मे महिन्यांत सुकी मासळी, मिरच्या, सोलां, चिंच, मीठ, कांद्यांच्या माळा भरून ठेवायच्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो की मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताची फेरी असो, तिथे घासाघीस चाले आणि वस्तू स्वस्तही मिळे. का मिळे? पाऊस लागला की मासळी सुकणार नाही, मिठागरं पाण्याखाली जाणार, मिरचीला बुरशी येणार. विकणाऱ्याला घाई आणि घेणाऱ्याला गरज. भाव पावसाने पाडलेला असे, आणि ते दोघांनाही ठाऊक असे.

खादीचं उदाहरण घ्या. गांधी जयंतीला खादी भांडारात रिबेट मिळायचा. तो सरकारी तिजोरीतून येई. २०१० साली केंद्राने ती पद्धत बदलली, पण तोवर पैसे कोण भरतंय हे उघड होतं. किंवा अगदी अलीकडचं पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे करासकट १२८ रुपयांना पडणारी वस्तू ११८ ला पडणार. शेकडा आठाहूनही किंचित कमी उतार. पाचवीतलं पोर हा हिशेब करील. कारण माहीत आहे, म्हणून हिशेब करता येतो.

आता सेलकडे वळू. तिथे आकडा खोडलेला असतो आणि शेजारी दुसरा असतो. खोडलेला आकडा बहुतेक वेळा एमआरपी. ही एमआरपी ठरवतो कोण? औषधांसारखे काही अपवाद सोडले तर खुद्द उत्पादकच. छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेऊ नये असं कायदा सांगतो, पण मुळात किती छापावी याला बहुतेक वस्तूंच्या बाबतीत मर्यादा नाही. म्हणजे ज्याला ५० टक्के सूट 'द्यायची' आहे, त्यानेच आधी दुप्पट छापायचं. स्वतःच भिंत बांधायची आणि स्वतःच ती उडी मारून ओलांडायची. आपण खाली उभे राहून टाळ्या वाजवायच्या.

हे सगळं मी मनाचं सांगतो असं वाटत असेल तर ६ ऑक्टोबर २०१४ आठवा. फ्लिपकार्टचा पहिला 'बिग बिलियन डे'. संकेतस्थळ कोलमडलं, लोक खवळले, आणि दुसऱ्याच दिवशी संस्थापक सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांना माफीचं पत्र लिहिलं. सेल सुरू होण्यापूर्वी काही तास अनेक वस्तूंच्या किमती सवलतीशिवायच्या दरावर गेल्या होत्या, हे त्या पत्रातच मान्य केलं होतं. त्यांनी तो तयारीतला दोष म्हटला. असेलही. पण ग्राहकाला जी उतरण दिसली ती कुठून मोजलेली होती, एवढं तरी त्यावरून कळतं.

दुसरं गाजर म्हणजे बिनव्याजी हप्ते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं. व्याज असतंच. ते फक्त सवलतीच्या घडीत दुमडून ठेवलेलं असतं. आणि तिसरं, 'फक्त २ शिल्लक' ही घंटा. अशी खोटी घाई करणं हे केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवणुकीच्या १३ प्रकारांत धरलं आहे. पुरुमेंतातली घाई पावसाची होती. ही घाई बनवून घेतलेली आहे.

तुम्ही म्हणाल, पण काही वस्तू खरोखरच स्वस्त मिळतात ना? मिळतात. जुनं मॉडेल काढून टाकायचं असतं, बँक आपल्या कार्डासाठी पैसे मोजते. कितीतरी घरांत पहिला फ्रीज असाच आला, आणि त्या घरांना हसण्याचा अधिकार मला नाही. त्यांना फ्रीज हवाच होता. माझं भांडण आहे ते ज्यांना काहीच नको असताना रात्री बारा वाजता मोबाईल घेऊन बसतात त्यांच्याशी. नको असलेली वस्तू निम्म्या किमतीत घेणं म्हणजे निम्मे पैसे वाचवणं नव्हे, निम्मे पैसे घालवणं आहे.

आणि हीच माणसं गावच्या पसरकाराकडे गेली की नारळामागे दोन रुपयांसाठी हुज्जत घालतात. यावर 'गरिबाशी घासाघीस करू नये' असा उपदेश करण्याची रीत आहे. मला तो पटत नाही. घासाघीस जरूर करा. ती भाव कळणाऱ्या माणसाची कला आहे. आमच्या आज्या मासळीचा वाटा नुसत्या नजरेने तोलत. त्रास याचा होतो की जिथे भाव कळतो तिथे आपण भांडतो, आणि जिथे कळत नाही तिथे शरण जातो. पसरकार चवथीचं सामान वहीत मांडून देई आणि पैसे महिन्याने घेई. त्याला खरोखरच बिनव्याजी म्हणता आलं असतं. त्याचं दुकान बंद पडलं की मग रडायला आपणच पुढे!

यावर उपाय नाही असं नाही. युरोपीय संघात २०२२ सालापासून नियम आहे: दुकानदाराने सवलत जाहीर केली तर त्याआधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवली पाहिजे, आणि सवलत तिच्यापासून मोजली पाहिजे. असा नियम इथे का नको? ग्राहक संघटनांनी, आमदार-खासदारांनी हा प्रश्न लावून धरायला काय हरकत आहे? खोडलेला आकडा खरा असेल तर कोणाचंच काही बिघडणार नाही.

तो नियम येईल तेव्हा येईल. तोवर पुरुमेंताची वही पुन्हा काढा. हवी असलेली वस्तू चवथ संपताच वहीत लिहा, समोर त्या दिवशीची किंमत लिहा, आणि सेलच्या दिवशी फक्त तीच ओळ ताडून बघा. वहीत नाही ते घ्यायचं नाही. मग कोणी 'मारला' म्हणून सांगत आलं, तर हसून एवढंच विचारा: गेल्या महिन्यात कितीला होता?