आधी मासा, मग जनुके

मासे पकडून त्यांच्या परांचे काटे मोजणे हे मागच्या पिढीचे काम, आता सारे यंत्रेच सांगतात, असे माझे काही विद्यार्थी म्हणतात. मी भौतिकशास्त्र शिकवतो. यंत्रांवर माझा लोभच आहे. तरीही हे म्हणणे मला पटत नाही. का, ते एका माशाच्या उदाहरणावरून पाहू.

पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांत, जेथे गोडे पाणी खाऱ्यात मिसळते तेथे, एक जवळजवळ पारदर्शक मासा राहतो. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. बाजारात त्याला कोण विचारणार! पण सी. व्ही. कुलकर्णी यांनी तो बारकाईने पाहिला. नराच्या गुदपराचे पुढचे काटे बदलून त्यांचा एक अवयव बनलेला असतो. त्याच्या साहाय्याने नर शुक्राणूंची सूक्ष्म पुडी मादीला चिकटवतो. फलन मादीच्या शरीरात होते, अंडी मात्र ती बाहेर घालते. 1940 साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये कुलकर्ण्यांनी चाळीसहून अधिक पानांत हे सारे मांडले. मासा इतका निराळा, की त्याच्यासाठी त्यांनी स्वतंत्र कुलच कल्पिले. नाव ठेवले होराइक्थिस सेटनाई. (लोणावळ्याला महसीर माशाच्या कृत्रिम प्रजननाचे काम पुढे केले ते हेच कुलकर्णी.)

2008 साली लिन पॅरेंटी यांनी या माशाला जपानी मेडाकाच्या ओरायझियस या वंशात घातले. वेगळे कुल गेले. म्हणजे कुलकर्ण्यांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. कुल हे अनुमान होते, काट्यांची मोजणी हे निरीक्षण. अनुमान बदलले, निरीक्षण जागच्या जागी आहे.

आता यंत्रांकडे वळू. 2021 साली ओकिनावातील रयुक्यू विद्यापीठाचे काझुनोरी यामाहिरा आणि त्यांचे सहकारी यांनी या कुटुंबातील माशांच्या तंतुकणिकांमधील संपूर्ण डीएनए, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार अक्षरे, आणि पेशीकेंद्रातील पाच जनुके ताडून पाहिली. निष्कर्ष असा निघाला, की आपला खाडीतला मासा एका बाजूला आणि पूर्व भारतापासून जपानपर्यंतचे त्याचे सारे भाऊबंद दुसऱ्या बाजूला! ही फाटाफूट मध्यजीव महाकल्पाच्या अखेरीस झाली. भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. भूखंडांची टक्कर झाल्यावर हे मासे भारतातून पूर्वेकडे पसरले. आमच्या भिंगारला विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, त्याचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला. ही गोष्टही साधारण त्याच काळातली.

येथे भौतिकशास्त्राच्या माणसाने थोडे कुरकुरलेच पाहिजे. किरणोत्सर्गी द्रव्याचा अर्धायुकाल तापमान वाढवून बदलत नाही. डीएनएमधील अक्षरे बदलण्याचा वेग मात्र जातीगणिक वेगळा असू शकतो. हे घड्याळ जीवाश्मांच्या किंवा भूशास्त्रातील घटनांच्या आधारे लावून घ्यावे लागते. म्हणून वर्षांच्या आकड्यापेक्षा कोणती फांदी आधी फुटली, यावर मी अधिक विश्वास ठेवीन.

पण यंत्राला दिलेला मासा नेमका कोणता, कोठल्या पाण्यातला, हे यंत्र सांगत नाही. बरणीवर नुसते ‘लहान मासा, मुंबई’ असे लिहिलेले असते, तर ओकिनावात त्याचा काय उपयोग झाला असता? आमच्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांत मात्र पुस्तकातून उतरवलेला रोहू वर्षानुवर्षे पोहत असतो. शेजारच्या सीना नदीत कोणते मासे आहेत, हे वर्गात विचारून पाहा.

शिक्षकांनी मनावर घेतले तर शाळेत एक नोंदवही सहज ठेवता येईल. मुलांना पाण्यात उतरवू नये. मासेमारांच्या जाळ्यात येते ते पाहावे. तारीख, ठिकाण, लांबी, परांचे काटे, छायाचित्र आणि मासेमार वापरतात ते नाव. हे शेवटचे गाळू नये. दख्खनचे मासे गोळा करणाऱ्या साइक्सने 1839 साली इथलीच नावे उचलली, आणि ‘खुद्री’ हे नाव आज जगभर टॉर खुद्री म्हणून चालते.