मला का धरले?

लखदर बुमेदिएन सारायेव्होत रेड क्रेसेंटचे काम करत होता. २००१ साली त्याला पकडले. बोस्नियाच्या न्यायालयाने सोडा म्हटले, तरी जानेवारी २००२मध्ये अमेरिकेने त्याला ग्वांतानामोच्या तुरुंगात नेऊन टाकले. आरोपपत्र नाही, खटला नाही. मला का धरले, एवढे न्यायाधीशाला विचारण्याचा हक्क मिळायला २००८ साल उजाडले, तोही पाच विरुद्ध चार मतांनी. मग काही महिन्यांतच न्यायाधीशांनी पुरावा तपासला आणि सुटकेचा आदेश दिला. आरोपाचा सारा आधार एका निनावी खबऱ्याची माहिती होती!

युद्धात शत्रूला धरून ठेवावे लागते, हे आम्हांला मान्य आहे. पण धरलेला माणूस शत्रूच आहे, हे ठरवणार कोण? पकडणाराच? आपल्याकडे आणीबाणीत, १९७६मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हाच हक्क नाकारला. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना उभे राहिले. बहुमतात पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता, असे २०१७मध्ये त्याच न्यायालयात त्यांच्या चिरंजीवांनी लिहिले.

या अंकातली चर्चा याच प्रश्नावर आहे. पटले नाही तर सविस्तर लिहा. पत्रे जरूर छापू.