विजेवरची आरती

मंडळी, आज जरा कडक लिहिणार आहे. नातेवाईकांपैकी दोघे-तिघे देवस्थानांच्या कमिट्यांवर आहेत, त्यांनी राग मानू नये. मानला तरी चालेल म्हणा!

विषय देवळातल्या विजेवरच्या नगाऱ्याचा. एक लोखंडी चौकट, मधे नगारा, बाजूला दोन झांजा, वर घंटा आणि खाली मोटार. पुजारी आरतीचं ताट हातात घेण्याआधी भिंतीवरचं बटण दाबतो आणि पुढची दहा मिनिटं एकमेकांचं बोलणंदेखील ऐकू येत नाही. चोपड्यात आणि आसपासच्या खेड्यांत हे यंत्र आता सर्रास झालंय. तुमच्याकडेही असणारच.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. गिरणी विजेवर चालते, विहिरीचा पंप विजेवर चालतो, हे टंकन मी संगणकावरच करतोय. पण दळणाचं पीठ जात्याचं काय नि गिरणीचं काय, पोटात जातंच. वाद्याचं तसं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की या यंत्रावर घंटा असते, पण घंटेचा नाद नसतो.

मी मराठी-इतिहास शिकवलेला बी.ए., पदार्थविज्ञानवाला नव्हे. पण निवृत्तीनंतर या विषयाचं जमेल तसं वाचलं आहे. घंटा काशाची, म्हणजे तांबं आणि कथील यांची. दर शंभर भागांत साधारण बावीस भाग कथील. टोल पडला की घंटेचा गोल काठ केसभर लंबगोल होतो, लगेच उलट बाजूने लंबगोल होतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. त्याच वेळी काठाचे लहान लहान भाग आपापल्या वेगळ्या गतीने थरथरत असतात. म्हणून एका टोलात अनेक स्वर असतात. वरचे कर्कश स्वर चटकन विरतात आणि खालचा खोल घुमारा मागे रेंगाळतो. आपण ज्याला घंटानाद म्हणतो, तो हा घुमारा. यंत्राचा लोलक सेकंदाला तीन-चार ठोके घालतो. म्हणजे दर वेळी कानावर पडतो तो फक्त पहिला खणखणाट. घुमारा वर यायच्या आत पुढचा ठोका! त्यात हल्ली गाभाऱ्यांना फरशी-टाइल्स लावल्यात. गुळगुळीत भिंती आवाज शोषत नाहीत, परत फेकतात. आधीच्या ठोक्यांचा गोंगाट विरत नाही तोच नवा येऊन पडतो.

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाची घंटा पाहिली असेल तुम्ही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयातली ती पोर्तुगीज घंटा. देऊळ १७४७चं. अशा घंटेला कोणी मोटार जोडायची कल्पना तरी करील का? तिला एक टोल पुरतो.

इथे मोबाईलवर फिरणाऱ्या एका निरोपाचा समाचार घेतो, कारण कमिटीवाले तोच पुढे करतात. म्हणे घंटेचा नाद बरोबर सात सेकंद टिकतो आणि शरीरातली सात चक्रं जागृत होतात. अहो, देवघरातली हातातली घंटी आणि नारोशंकराची घंटा, दोन्ही सातच सेकंद कशा वाजतील? नाद किती टिकेल ते आकार, वजन, धातू आणि टांगणी यांवर ठरतं. आणि समजा सात सेकंद खरे मानले, तर मग त्या सात सेकंदांत तुमचं यंत्र पंचवीस ठोके का घालतं?

नगाऱ्याची गत याहून वाईट. कातडं पावसाळ्यात ढिलं पडतं, शेकोटीवर धरून तापवावं लागतं. शिवाय कुठे मारायचं तेही हाताला कळावं लागतं. मधोमध मारलं तर नुसता धप्प आवाज, काठाकडे सरकलं की नाद निघतो. होळीआधी भोंगऱ्याच्या बाजारात सातपुड्यातले पावरा बांधव मोठमोठे ढोल घेऊन उतरतात. त्यांचे हात बघा एकदा. यंत्राची काठी आषाढात आणि चैत्रात एकाच जागी, एकाच जोराने पडते.

आपल्या लोकांनी कातड्यापुढे किती डोकं चालवलंय! साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. पहिलाच येतो १.५९ पट. तबल्याच्या, मृदंगाच्या शाईने ते स्वर दुप्पट, तिप्पट असे पूर्णांकांवर आणून बसवले. हे सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात तपासून शिवकाली कुमारांसह १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं आणि १९३४ साली पुन्हा सविस्तर मांडलं. अनाम कारागिरांचं काम, आणि दखल घेतली रामन यांनी. आपण मात्र मोटार बसवली.

आता झांज आणि टाळ. टाळाच्या दोन वाट्यांचे स्वर तंतोतंत एक नसतात, त्या किंचित फरकातून नादाला लाट येते. इंडोनेशियात गॅमेलान म्हणून काशाच्या वाद्यांचा मोठा मेळ असतो (२०२१ साली युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं). बाली बेटावर तर वाद्यांच्या जोड्या मुद्दाम थोड्या वेगळ्या स्वरांत लावतात, ती लाट यावी म्हणून. आणि तिथला वादक एका हाताने पुढची पट्टी वाजवतो, तेव्हा आधीच्या पट्टीवर हात ठेवून तिचा नाद थांबवतो. वाजवण्याइतकंच थांबवणं महत्त्वाचं. आपला टाळकरीही वाट्या मिटून नाद थांबवतोच की. मोटारीला थांबवणं एकच माहीत, बटण बंद.

‘‘गुरुजी, आते झांज धराले कोन येस?’’ असं मला एका कार्यकर्त्याने ऐकवलं. प्रश्न खरा आहे. पण मला सांगा, यंत्र आल्यावर गर्दी वाढली का? पूर्वी आरतीला पोरं धावत यायची ती प्रसादासाठी आणि झांजेसाठी. झांज आधी कोण पकडतो यावर मारामाऱ्या व्हायच्या. या गावात फी न घेता लहान पोराच्या हाती वाद्य देणारी जागा एकच होती. तिथेच त्याला ठेका कळायचा, आरती संथ सुरू होऊन शेवटी जलद कशी होते ते कळायचं, दुसऱ्याचं ऐकून वाजवायची सवय लागायची. आता पोरं कानात बोटं घालून दाराबाहेर उभी असतात, आणि आरती म्हणणारे यंत्राच्या चालीमागे धापा टाकत धावतात. पुजाऱ्याच्या कानांचं काय होत असेल ते तर विचारूच नका. बिचारा रोज दोन वेळा त्या चौकटीशेजारी उभा असतो.

माणसं नसतील तर पुजाऱ्याने एकट्याने हातातली घंटी वाजवावी. तेवढी पुरते. देवाला कमी ऐकू येतं असं कुठल्या पोथीत मी तरी वाचलेलं नाही.

आमच्या गल्लीतल्या कमिटीला मी लेखी कळवलंय: येत्या श्रावणात फक्त सोमवारी बटण बंद ठेवा. जुन्या झांजा माळ्यावर पडल्यात, त्या मी चिंचेने घासून देतो. दोऱ्या नव्या ओवून देतो. पोरं गोळा करायचं कामही माझ्याकडे. अजून उत्तर आलेलं नाही. आलं की इथे लिहीनच.