लंडनचीं संग्रहालयें : थोडें पाहावें, पण विचारून पाहावें

मुलगा किंवा मुलगी विलायतेंत स्थायिक झाल्यामुळें आजकाल आपल्या कुटुंबांतील वडील मंडळींस लंडन शहर पाहण्याचा योग पुष्कळदां येतो. परत आल्यावर ‘काय काय पाहिलेंत?’ असें विचारावें, तों संग्रहालयांचीं व चित्रशाळांचीं नांवें भराभर कानीं पडतात. परंतु तेथील एखाद्या तरी वस्तूविषयीं चार वाक्यें सांगा म्हटलें, तर बहुधा दुखऱ्या पायांचेंच वर्णन ऐकावें लागतें. यांत पाहणाऱ्यांचा दोष थोडा आहे. एकट्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहीं सुमारें ८० लक्ष वस्तू असून त्यांपैकीं सुमारें ८० हजार दालनांत मांडलेल्या असतात. एकेका वस्तूस अर्धा मिनिट दिला आणि रोज आठ तास चाललें, तरी त्या एका इमारतींतून बाहेर पडण्यास ८० दिवसांहून अधिक लागतील. तेव्हां ‘सर्व पाहून घेऊं’ हा संकल्पच सोडलेला बरा.

आमची सूचना अशी कीं, एका संग्रहालयांत तीन-चार वस्तूच निवडाव्या, प्रत्येकीपुढें पाव तास तरी थांबावें, आणि तिला दोन प्रश्न विचारावे : तूं घडलीस कशी? आणि येथें आलीस कशी? पहिल्या प्रश्नानें कारागिराची ओळख होते, दुसऱ्यानें इतिहासाची. दुसरा प्रश्न पाहुण्यानें यजमानास विचारूं नये, असें कित्येकांस वाटेल. परंतु आपणां भारतीयांस तो टाळतां येण्याजोगा नाहीं.

ब्रिटिश म्युझियमची स्थापना पार्लमेंटच्या कायद्यानें १७५३ सालीं झाली व १७५९ सालीं तें लोकांस खुलें झालें. सर हॅन्स स्लोन नांवाच्या वैद्याचा ७१ हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह हें त्याचें मूळ भांडवल. तेथें प्रथम रोझेटा येथील शिळा पाहावी. एकच ठराव तीन लिपींत कोरलेला हा काळसर, मोडका दगड इ. स. पूर्वी १९६ मधील आहे. त्यांतील ग्रीक मजकूर विद्वानांस वाचतां येत होता. त्याच्या आधारानें शाँपोलियाँ या फ्रेंच पंडितानें १८२२ सालीं मिसर देशाच्या चित्रलिपीचें कोडें सोडविलें, आणि शेंकडों वर्षें मुकें असलेलें एक राष्ट्र बोलूं लागलें. हें पहिल्या प्रश्नाचें उत्तर. दुसऱ्याचें उत्तर दगडाच्या बाजूसच इंग्रजींत रंगविलेलें आहे : ब्रिटिश सैन्यानें ही शिळा १८०१ सालीं मिसर देशांत हस्तगत केली. ती १७९९ मध्यें सांपडली होती फ्रेंच शिपायांस. त्यांचा पराभव झाल्यावर तहाच्या अटीनें ती इंग्रजांकडे आली. ज्यांची ती, त्या मिसरी लोकांस मात्र कोणीं विचारलें नाहीं.

जवळच अथेन्सच्या पार्थेनॉन देवालयाचीं शिल्पें आहेत. तेथील राज्य तुर्कांचें असतां, इंग्लंडचे वकील लॉर्ड एल्गिन यांच्या माणसांनीं तीं १८०१ पासून काढून आणलीं, व पार्लमेंटनें १८१६ सालीं ३५ हजार पौंडांस विकत घेतलीं. त्यांस मिळालेली परवानगी खरोखर कितपत होती, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. अथेन्समध्यें २००९ सालीं नवें संग्रहालय उघडलें. तेथें लंडनास गेलेल्या शिल्पांच्या जागीं पांढऱ्या प्लॅस्टरच्या प्रतिकृति बसविल्या आहेत. घरांतील मनुष्य परगांवीं असतां त्याचें पान मांडून ठेवावें, तसें तें दृश्य आहे.

नॅशनल गॅलरीची कथा याहून सौम्य आहे. १८२४ सालीं सरकारनें अँगरस्टाईन या सावकाराचीं ३८ चित्रें ५७ हजार पौंडांस घेऊन ही चित्रशाळा स्थापिली. आज तेथें सुमारें २३०० चित्रें आहेत. त्यांतील यान व्हॅन आयकचें १४३४ मधील दांपत्याचें चित्र आमच्या भगिनींनीं अवश्य पाहावें. घरांतील एक खोली, पतिपत्नी, पायांशीं लहानसा कुत्रा, जमिनीवर काढून ठेवलेल्या खडावा. आणि मागील भिंतीवरच्या वाटोळ्या आरशांत सगळी खोली उलटी प्रतिबिंबित होऊन, दारांतून आंत येणारीं आणखी दोन माणसेंही दिसतात! चित्रांत नसलेलें दार चित्रकारानें तळहाताहून लहान आरशांत दाखविलें आहे.

दुसऱ्या महायुद्धांत हीं चित्रें वेल्समध्यें हालविण्यांत आलीं व १९४१ पासून तेथील एका डोंगराच्या पोटांतील पाटीच्या दगडाच्या खाणींत ठेवलीं गेलीं. रिकाम्या झालेल्या इमारतींत मायरा हेस या वादक बाईंनीं १९३९ पासून दुपारच्या संगीताचे कार्यक्रम चालविले. पुढें १९४२ मध्यें लोकांनींच मागणी केल्यावरून दरमहा एक चित्र खाणींतून लंडनास आणून टांगूं लागले. बाँबचें भय असतां लोक एका चित्रासाठीं येत. एका वेळीं एकच चित्र पाहण्यांत काय समाधान असतें, हें त्या पिढीस संकटानें शिकविलें. आपण तें सुखांत शिकावें.

व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्यें मात्र आपणांस घरचीं माणसें भेटतात. टिपू सुलतानाचा लांकडी वाघ तेथेंच आहे. तो गोऱ्या शिपायाच्या उरावर बसला असून आंत बाजाचें यंत्र बसविलेलें आहे. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लुटींत गेला. परंतु आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावते ती अजिंठ्याच्या नकलांची हकीकत. रॉबर्ट गिल या सैन्यांतील अधिकाऱ्यानें गेल्या शतकाआधींच्या शतकांत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला करून इंग्लंडास धाडल्या. त्यांतील बहुतेक १८६६ सालीं क्रिस्टल पॅलेसच्या आगींत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह लेण्यांत बसून तें काम पुन्हां केलें. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकींच. त्या नकलाही लंडनास गेल्या, आणि १८८५ मध्यें तेथें लागलेल्या आगीनें शंभरांहून अधिक जळाल्या किंवा बिघडल्या. उरलेल्या या संग्रहालयाकडे आहेत. दालनांत त्या नेहमीं मांडलेल्या नसतात, म्हणून आधीं चौकशी करावी. लेण्यांतील मूळ रंग जेथें पुढें उडाला, तेथें काय होतें हें आज या नकलांवरून कळतें.

या हकीकतीवरून दोन्ही पक्षांनीं कांहीं घेण्यासारखें आहे. ‘आम्हीं नेल्या म्हणून वस्तू वांचल्या’ हें म्हणणें सर्वस्वी खरें नव्हे. लंडनांतही आग लागते. २०२३ सालीं तर ब्रिटिश म्युझियममधून सुमारें दोन हजार लहान वस्तू चोरीस गेल्याचें, हरवल्याचें वा बिघडल्याचें उघड होऊन संचालकांस पद सोडावें लागलें. उलट ‘सर्व येथेंच असतें तर सुरक्षित राहिलें असतें’ हेंही छातीठोकपणें म्हणवत नाहीं. नकला उरल्या व लेण्यांतील रंग गेला, हें आपण विसरूं नये.

परत देण्याच्या मार्गांत १९६३ चा कायदा आडवा येतो. त्या अन्वयें ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांस संग्रहांतील वस्तू, थोडे अपवाद सोडून, देऊन टाकतां येत नाहींत. परंतु उसनी देण्यास आडकाठी नसते. व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमधील वाघनखें अशाच तीन वर्षांच्या करारानें २०२४ सालीं साताऱ्याच्या संग्रहालयांत आलीं. तीं साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांजकडून विलायतेस गेलीं, असें पेटीवरील लेखावरून दिसतें. श्रीशिवछत्रपतींनीं वापरलेलीं तीं हींच, असें सिद्ध करतां येत नाहीं, हें संग्रहालयानेंच स्पष्ट सांगितलें आहे. भक्तीला असली स्पष्टोक्ति कडू लागते. पण ती सांगणें हें संग्रहालयाचें कर्तव्य आहे. वस्तु कशी आली हें निःसंकोच लिहावें, मूळ गांवास ती पाहूं द्यावी, आणि जेथें ती केवळ बळानें नेलेली आहे तेथें परत देण्याचा विचार मोकळ्या मनानें करावा, असें आमचें मत आहे.

आतां व्यवहाराच्या दोन गोष्टी. या तिन्ही संस्थांचे कायमचे संग्रह पाहण्यास मूल्य पडत नाहीं. म्हणून एकाच दिवशीं पैसे वसूल करण्याची घाई नसावी. दर खेपेस दोन तास पुरे, आणि आजी-आजोबांस बांकावर बसवून त्यांच्या पुढ्यांतील एकच चित्र सर्वांनीं मिळून पाहावें. शुक्रवारीं तीं रात्रीं उशिरापर्यंत उघडीं असतात, तेव्हां नोकरीवरून परतलेल्या मुलांसही बरोबर येतां येतें. कोणत्या वस्तू पाहावयाच्या हें आदल्या रात्रीं जेवणानंतर ठरवावें, व एकेक वस्तु घरांतील एकेकास वाटून द्यावी. तिची माहिती त्यानें इतरांस सांगावी. लहान मुलें हें काम मोठ्यांहून चांगलें करितात.

आणि ज्यांस विलायतेचा योग नाहीं, त्यांनीं खंत करूं नये. अजिंठा येथेंच आहे, आणि तेच दोन प्रश्न तेथेंही विचारतां येतात. तिसरा एक मात्र तेथें आपणांसच विचारला जातो : तूं हें नीट सांभाळतोस ना?